घरात मराठी, देवापुढे गोंडी

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात एस्किमो होता. बर्फाच्या घरासमोर उभा, अंगात केसाळ कातडं, हातात भाला आणि बाजूला कुत्र्यांची गाडी. परीक्षेत त्याच्यावर पाच मार्कांचा प्रश्न हमखास यायचा. एप्रिलच्या घामात, पंखा नसलेल्या वर्गात बसून आम्ही त्या माणसाची थंडी पाठ करायचो. हे लोक स्वतःला एस्किमो म्हणवत नाहीत, इन्युइट म्हणवतात, आणि त्या शब्दाचा अर्थ नुसता 'माणसं' असा आहे, हे मला बी.ए. होऊन नोकरीला लागल्यावर कधीतरी कळलं.

त्याहून उशिरा आणखी एक गोष्ट कळली. ज्यांना आपण गोंड म्हणतो, ते स्वतःला कोयतूर म्हणवतात. त्याचाही अर्थ माणूस असाच सांगतात. 'गोंड' हे बाहेरच्यांनी चिकटवलेलं नाव. म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या माणसाला पाच मार्क आणि गोदावरीकाठच्या माणसाला शून्य, असा आमचा भूगोल. पुस्तक लिहिणाऱ्यांना दोष देत नाही. मला स्वतःला गोंडांबद्दल काही कळावंसं वाटलं ते चाळिशी उलटल्यावर, आणि तेही एका बसस्टँडवर बस न आल्यामुळे.

झालं असं. माझी बहीण हैदराबादला असते. तिच्या मुलीचा अक्षराभ्यास बासरच्या सरस्वतीच्या देवळात करायचा ठरलं. २०२५ ची वसंत पंचमी. मामा म्हणून मला जाणं भाग होतं. देवळात ही गर्दी! भाचीनं पाटीवर अक्षर काढलं, रडली, झोपली. ताई आणि भावोजी परत गेले. माझी दोन दिवसांची रजा उरली होती, म्हणून मी एकटाच निर्मलला गेलो. लाकडी खेळण्यांचं निर्मल ते हेच. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ पासून स्वतःच जिल्हा झालं आहे.

निर्मलची खेळणी बघून मला आमच्या कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांची आठवण झाली. पोणकीचं हलकं लाकूड तासतात, चिंचोक्याच्या खळीत भुसा कालवून जोड भरतात, मग रंग. आंबा, पेरू, सीताफळ असं की हातात घेतल्याशिवाय लाकूड आहे हे कळू नये. भाचीसाठी एक आंबा आणि एक पोपट घेतला. गावात रामजी गोंडाची गोष्ट ऐकली. सत्तावन्नच्या बंडानंतर इंग्रज आणि निजामाच्या फौजांशी लढलेला हा माणूस. १८६० मध्ये त्याला आणि त्याच्या साथीदारांना इथंच एका वडावर फाशी दिलं. त्या वडाला लोक हजार फासांचा वड म्हणतात.

हे सगळं पाहून आदिलाबादला जाणाऱ्या बसची वाट बघत स्टँडवर बसलो होतो. बस येईना. केसलापूरच्या नागोबाची जत्रा चालू होती. पौषातल्या अमावास्येच्या रात्री ती सुरू होते, आणि मेस्राम कुळाचे गोंड त्यासाठी गोदावरीचं पाणी पायी चालत आणतात. बऱ्याच गाड्या तिकडे वळवल्या असाव्यात. माझ्या बाजूला एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. धोतर, डोक्याला पंचा, आणि मांडीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. मी माझ्या तोडक्या हिंदीत बसची चौकशी केली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले,

"कुठून आले जी तुमी? मराठी बोला ना."

गोव्याहून, म्हटल्यावर त्यांना गोवा कुठं ते कळलं नाही, आणि मला त्याचं जरा बरंच वाटलं. नाहीतर गोवा म्हटलं की समोरच्या माणसाचा हात आपोआप बाटलीसारखा तोंडाकडे जातो. असो. कापडात काय आहे, विचारलं. त्यांनी गाठ सोडून दाखवलं. किंगरी. तीन तारांचं, गजानं वाजवायचं वाद्य. आजोबा प्रधान होते. डोंगरापलीकडे एका गावात त्यांच्या यजमानाच्या घरी चार महिन्यांपूर्वी म्हातारा वारला होता, त्याचा विधी होता. प्रधान जाऊन किंगरीवर गायल्याशिवाय मेलेला माणूस पूर्वजांत पोचत नाही, असं गोंड मानतात.

"मग तुम्ही मराठीत गाता?" मी विचारलं.

"नाही जी. घरची बोली आमची मराठीच आहे. पण देवाचं गोंडीतच सांगावं लागते."

हे वाक्य त्यांनी इतक्या सहज उच्चारलं की पुढे दहा मिनिटं त्यांना माझा चेहरा का उतरला ते कळलं नसेल. कारण मी आयुष्यभर ह्याच वाक्याची उलटी बाजू जगत आलो आहे. आमच्या घरात आई आम्हाला कोकणीतून रागावते, कोकणीतून जेवायला वाढते, शेजारणीची चुगली कोकणीतून करते. पण चवथीला गणपतीसमोर उभी राहिली की आरती मराठी, भजन मराठी, देवळातलं कीर्तन मराठी. दादांची सगळी पुस्तकं मराठी. आणि ह्या एका साध्या गोष्टीवरून आम्ही गोंयकारांनी एकमेकांची डोकी फोडली. १९८६ च्या डिसेंबरात मी पहिलीत होतो. झाडं तोडून रस्ते अडवले होते आणि शाळा बंद म्हणून आम्ही पोरं खूश होतो. १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला, कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. पण त्या दिवसांत आमच्या वाड्यावर दोन घरांचं बोलणं तुटलं ते दोन्हीकडची म्हातारी माणसं जाईपर्यंत तुटलेलंच राहिलं. दोन्ही घरं एकाच भाषेत भांडत होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

हे मी आजोबांना सांगितलं. घरात कोकणी आणि देवापुढे मराठी, आणि त्यावरून आमच्याकडे केवढं रामायण झालं ते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग त्यात काय?"

त्यात काय! खरंच, काय?

नंतर परत आल्यावर मी मिळेल ते वाचलं. आदिलाबादचे प्रधान घरी मराठी बोलतात आणि गोंडांची पुराणं गोंडीत गातात, ही नोंद क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञानं १९४० च्या दशकातच करून ठेवली आहे. गोंडांच्या समाजाची रचना सगांची. सातदेवे, सहादेवे, पाचदेवे, चारदेवे, असे चार मोठे गट. एकाच सगात लग्न होत नाही. देव गुहेत कोंडले गेले आणि पहांदी कुपार लिंगोनं त्यांना सोडवलं, तिथपासून प्रत्येक कुळ कुठून आलं, त्याचा पेन म्हणजे देव कुठला, हे सगळं प्रधानाच्या तोंडी. गोंडाच्या प्रत्येक कुळाला त्याचा ठरलेला प्रधान. बाप बापाकडे जायचा, मुलगा मुलाकडे जातो. धान्य, कपडा, कधी बैल, अशी बिदागी ठरलेली. म्हणजे एका समाजाचा सगळा इतिहास दुसऱ्या समाजाच्या डोक्यात ठेवलेला, आणि त्या दुसऱ्या समाजाची घरची भाषा तिसरीच. आपल्या भाषावादातली मातृभाषेची व्याख्या इथं लावून बघा. कुठेच बसत नाही.

ह्यातलं सगळंच काही गोड नाही, तेही सांगितलं पाहिजे. ज्या प्रधानाशिवाय आपला मेलेला बाप पूर्वजांत पोचत नाही, त्या प्रधानाच्या हातचं अन्न मात्र गोंड घेत नसत. त्याचा दर्जा खालचा. आम्हाला हे नवं वाटायचं कारण नाही. गोव्याच्या देवळांतून पिढ्यान्पिढ्या ज्यांचं गाणं देवाला हवं होतं त्या कलावंतांना गाणं संपल्यावर समाजानं कुठं बसवलं, हे आपल्याला ठाऊक आहे. ज्यांच्याकडे आपली स्मृती ठेवायला दिली, त्यांनाच पायरीखाली ठेवलं. त्यामुळे जुनं ते सगळं सोनं असं म्हणून मी उसासे टाकणार नाही. शिकून शिक्षक किंवा कंडक्टर झालेल्या प्रधानाच्या मुलानं किंगरी खुंटीला टांगली, तर त्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. आजोबांचा मुलगा निर्मलमध्ये गवंडीकाम करतो. त्याला किंगरी येते का, विचारलं. "ऐकून ऐकून थोडं येते. पण त्याला रोजी सोडून यायला जमत नाही," असं म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता.

हायमेनडॉर्फची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हा माणूस हैदराबाद संस्थानात अडकला, कारण पासपोर्ट जर्मन. १९४० मध्ये जोडेघाटला कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. जंगल राखीव करून गोंडांच्या जमिनी हिरावल्या, त्याविरुद्धचा तो लढा. त्यानंतर निजाम सरकारनं ह्या माणसाला गोंडांचा अभ्यास करायला सांगितलं. तो मारलवाई नावाच्या गावात बायकोसह राहिला. १९४३ मध्ये तिथं गोंड शिक्षकांना तयार करण्याचं केंद्र सुरू झालं आणि मुलांसाठी गोंडीतून पहिली पुस्तकं निघाली. लिपी कुठली? देवनागरी. उर्दू ही संस्थानची भाषा, तेलुगू खालच्या सपाटीवरची, पण डोंगरावरच्या गोंडाला दुसरी भाषा येत होती ती मराठी. १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, राजुरा आणि किनवट मराठी मुलखात गेले, उरलेला आदिलाबाद आंध्रात राहिला आणि शाळेची भाषा तेलुगू झाली. गोंडीची ती पुस्तकं मागे पडली.

त्याच १९४० च्या दशकात तिकडे कॅनडात सरकार इन्युइटांना नंबर देत होतं. त्यांची नावं कारकुनांना लिहिता येईनात, आडनावं नव्हतीच, म्हणून प्रत्येकाला एक नंबर कोरलेली चकती. ती गळ्यात घालायची. जवळजवळ तीस वर्षं हा प्रकार चालला. मी कारकून आहे. रजिस्टरात एकसारखी नावं आली की काय गोंधळ होतो, हे मला चांगलं कळतं. त्यामुळे ही चकती कुणा कारकुनाला सुचली असेल आणि सुचल्यावर त्याला किती हलकं वाटलं असेल, हेही कळतं. पुढे मुलांना घरापासून तोडून वसतिगृहाच्या शाळांत घातलं, स्वतःच्या भाषेत बोललं तर शिक्षा. २००८ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी त्या शाळांबद्दल संसदेत माफी मागितली. मारलवाईचा प्रयोग त्या मानानं फार लहान आणि फार थोडा टिकलेला. पण त्यात मुलाची भाषा आधी धरली होती, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं.

आणि एक मराठी नाव. सेतुमाधवराव पगडी. शिवकाल आणि मराठ्यांचा इतिहास फारसी कागदांतून उकलणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. ते निजामाच्या मुलकी खात्यात होते, आदिलाबादेत गोंडांमध्ये काम करत होते, गोंडी शिकले, त्या भाषेचं व्याकरण लिहिलं, आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. सरकारी नोकरी करणाऱ्या माणसाला फायलीपलीकडे काही दिसू शकतं, ह्याचा मला तो मोठा आधार वाटतो. पण आमच्या महाविद्यालयात मराठी साहित्याच्या तीन वर्षांत हा पगडी आम्हाला कुणी दाखवला नाही.

आता माझ्या मनातलं सरळ लिहितो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आम्ही पेढे वाटले, मीही खाल्ले. पण त्या कौतुकात आपण मोजलं काय, तर ताम्रपट, शिलालेख, ग्रंथ. मराठी बोलणारा एक माणूस दुसऱ्या एका जमातीचं अख्खं पुराण डोक्यात घेऊन निर्मलच्या स्टँडवर बसला आहे, ही मराठीची श्रीमंती कुठल्या यादीत धरणार? २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाखांवर आहेत, कोकणी सांगणारे साडेबावीस लाख. कोकणी १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत गेली आणि बरंच झालं. गोंडी अजून बाहेरच आहे. आमच्या भांडणाला निदान राजधानी होती, विधानसभा होती, वर्तमानपत्रं होती. गोंडी बोलणारा माणूस चार-पाच राज्यांत वाटला गेलेला, प्रत्येक राज्याची शाळा वेगळ्या भाषेत. आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावात गोंडीची जुनी लिपी सापडली तेव्हा ती वाचणारी म्हातारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. २०१८ मध्ये ती लिपी युनिकोडमध्ये गेली, म्हणजे संगणकावर आली. आमच्या गोंयकानडीचे कागद दप्तरात पडून आहेत आणि आम्ही रोमी की देवनागरी यावर अजून लिहितोच आहोत.

पण लिपी संगणकावर आली म्हणून गाणं टिकत नाही, हे मला माझ्याच टेबलावर कळलं आहे. मी ज्या कचेरीत काम करतो तिथं लोककलेच्या पथकांचे तक्ते माझ्या हातून जातात. पथकाचं नाव, प्रमुखाचं नाव, सदस्यसंख्या, मानधन, वेळ. काही वर्षांपूर्वी एका महोत्सवासाठी केपें तालुक्यातल्या एका वाड्यावरच्या गावडा बायकांचं धालोचं पथक होतं. धालो हे पौषातल्या रात्रींचं. मांडावर, अनवाणी, मांडाला नमन करून, रात्र रात्र चालणारं. आम्ही ते डिसेंबरात सभागृहात ठेवलं होतं. कार्यक्रम लांबत होता, वरून सांगणं आलं, आणि तक्त्यात मी टाईप केलं : वेळ, ७ मिनिटे. त्यांच्यातली म्होरकी बाई कागद वाचून घेऊन माझ्याकडे आली. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "सात मिण्टांनी मांडार पांयय पडूंक जायना, बाब."

मी म्हटलं, माझ्या हातात नाही. ते खरं होतं. त्यांनी सात मिनिटांत केलं. चांगलं केलं, टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी त्या आल्या तेव्हा सगळ्यांच्या साड्या एकसारख्या होत्या आणि गाणं रेकॉर्ड केलेलं होतं. आता सात मिनिटं त्यांना पुरतात.

निर्मलला आजोबांना मी विचारलं होतं, तुम्ही कधी स्टेजवर गाता का? गुस्साडी नाचाचं कौतुक मोठं झालं आहे. त्यातल्या मारलवाईच्या कनक राजूंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, ते २०२४ मध्ये गेले. मोरपिसांचे मुकुट घातलेले गुस्साडी आता समारंभांतून दिसतात. आजोबा म्हणाले, एकदा नेलं होतं हैदराबादला. शाल दिली, फोटो काढला. "पण तिथं कोणाचं कोणी मेलं नव्हतं जी. काय गावं?"

मला ह्यात दोष कोणाला द्यायचा ते समजत नाही. महोत्सव बंद करा असं मी म्हणत नाही. त्या मानधनावर कुणाच्या घरी दोन महिन्यांचं तांदूळ येतं, हे मी पावत्यांवरून सांगू शकतो. माझं म्हणणं पैशाच्या दिशेबद्दल आहे. पथकाला गाडी करून पणजीला आणायला जेवढा खर्च होतो, तेवढ्यात पौषात त्यांच्याच मांडावर पाच रात्री होऊ शकतात. घरी राहिलेल्या पोरींना रोजंदारी बुडाल्याचे पैसे मिळाले तर त्या आईबरोबर मांडावर जातील. प्रधानाच्या गवंडी मुलाचंही तेच. त्याला शालीची गरज नाही. यजमानाच्या घरी जायला तीन दिवसांची रोजी मिळाली, तर तो बापाबरोबर जाईल, वाटेत ऐकेल. ऐकून ऐकून थोडं येतंच आहे त्याला.

बस आली तेव्हा ती आदिलाबादची नव्हती, उटनूरकडची होती. आजोबांनी किंगरीची गाठ पुन्हा बांधली. माझ्या हातातल्या पिशवीतून लाकडी आंबा डोकावत होता, तो त्यांनी घेऊन बघितला, वजन केलं, आणि "चांगला बनवला" म्हणून परत दिला. बसमध्ये जागा नव्हती. किंगरी त्यांनी डोक्यावर धरली होती, ती खिडकीतून बराच वेळ दिसत राहिली. मी आदिलाबादला गेलोच नाही. रजा संपत आली होती.

गोव्यात परतल्यावर पुढच्या हंगामाच्या प्रस्तावाबरोबर मी एक टिपण जोडलं. दीड पान. मांडावर होणाऱ्या धालोला मांडावरच साहाय्य द्यावं, वेळेचा रकाना त्यातून वगळावा, असं. मराठीत लिहिलं, मग वाटलं की साहेब वाचणार नाहीत, म्हणून इंग्रजीत केलं. परवा चौकशी केली. टिपण अजून वरच आहे.